करंडीत किती भात मावतो

पहिल्यांदा आम्ही वजनकाटा घेऊन हॉटेलात जेवायला गेलो, तेव्हा वाढपी हातातली बादली खाली ठेवून मालकालाच बोलावून घेऊन आला. दोघांची समजूत अशी झाली, की मी तपासणीला आलेला कोणी सरकारी अधिकारी आहे. तसा मी सरकारी आहेच, पण पाटबंधाऱ्याकडचा. कालव्याच्या भरावाला किती माती लागेल, याची अंदाजपत्रकं करण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली आहेत. भाताची तपासणी करायचा मला काडीचा अधिकार नव्हता. मी केळीच्या पानावरचा भात वाटीत भरून काट्यावर ठेवत होतो आणि माझी बारा वर्षांची मुलगी टेबलाखाली चप्पल शोधत असल्यासारखी वाकून बसली होती. पलीकडच्या टेबलावर तिच्या वर्गातली एक मुलगी आईवडिलांबरोबर जेवत होती, हे मला नंतर कळलं.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "काटा आला तर मी येणार नाहीं, अप्पा."

तिला मधुमेह आहे. म्हाताऱ्या माणसांना होतो तो नव्हे, लहान मुलांना होतो तो. तिच्या शरीरानं इन्सुलिन करणं एक दिवस बंदच करून टाकलं. तेव्हापासून प्रत्येक जेवणाआधी तिला पेनासारख्या दिसणाऱ्या एका सुईनं इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं, आणि किती टोचायचं ते आपण काय आणि किती खाणार यावर ठरतं. म्हणजे घास तोंडात जायच्या आधीच जेवणाचा अंदाज बांधायचा. कमी टोचलं तर साखर चढते. जास्त टोचलं तर उतरते, आणि ती उतरली की मग विचार करत बसायला वेळ नसतो. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, की मोजायच्या त्या कॅलरी नव्हेत, मोजायचा तो भाता-पिठातला नि गोडातला कर्बोदकांचा भाग. पण आहाराचा जो पहिला तक्ता हाती पडला त्याच्यावर मोठ्या अक्षरात कॅलरी असं लिहिलेलं होतं, म्हणून आमच्या घरात सगळ्यालाच कॅलरी म्हणतात. आजही म्हणतात.

घरी काही अडत नव्हतं. काटा होता, वाट्या ठरलेल्या होत्या. अडत होतं ते हॉटेलात, आणि हॉटेलात जायला लागायचं कारण म्हणजे शाळेची सहल. रामेश्वर आणि कन्याकुमारी, तीन दिवस. सगळी जेवणं हॉटेलातली. शाळेनं एक कागद पाठवला होता, त्यावर पालकाची सही हवी होती. सहीच्या वर एक रकाना होता: औषधाची जबाबदारी कोणाची?

मुलीनं तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि वर पेपरवेटसुद्धा ठेवला. मी म्हटलं, पाच रविवार हॉटेलात जेवू. काटा न घेता. जेवणानंतर दोन तासांनी रक्तातली साखर बघू. पाचही वेळा ती नीट आली तर सही करीन. माझ्या मते ही फार उदार अट होती. बायकोच्या मते मी मुलीची नाही, कंत्राटदाराची परीक्षा घेत होतो.

माझा अंदाजावर फार विश्वास आहे. डोळ्यांनी बांध बघून मी सांगू शकतो, की इथं किती ट्रॅक्टर माती पडेल. सांगताना दहावा हिस्सा जादा सांगायचा, कारण माती दबते. सैल माती ट्रॅक्टरमध्ये दिसते तेवढी बांधावर भरत नाही. ही गोष्ट मी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकलो आणि तेव्हापासून लग्नाच्या पंगतीपासून घराच्या रंगापर्यंत प्रत्येक गोष्टीत दहावा हिस्सा जादा धरत आलो आहे. भाताच्या बाबतीतही मी तेच केलं. करंडीत, म्हणजे वाढायच्या त्या मोठ्या डावात, भात दाबून भरलेला असतो. दिसतो त्याहून जास्तच असणार. घाला दहावा हिस्सा.

पण करंडीत मुळात भात मावतो किती? इथंच माझं डोकं चालेना. जुन्या बसस्टँडजवळच्या त्या हॉटेलात तीन वाढपी होते आणि तिघांच्या तीन करंड्या. त्यात एक जण करंडी शीग लावून भरायचा, दुसरा हात मोडल्यासारखी अर्धीच टाकायचा, आणि तिसरा मुलगी दिसली की हसून दोनदा वाढायचा. मी त्या तिसऱ्याला विचारलं, की बाबा, या करंडीत किती ग्रॅम येतात? तो तमिळमध्ये म्हणाला, "सार, पोट भरलं की पोदुम." म्हणजे पुरे. बरोबर होतं त्याचं.

बायकोची पद्धत वेगळी. ती सांबार जिभेवर ठेवायची आणि सांगायची, यात गूळ आहे, पाच धरा. अप्पळम म्हणजे पापड, त्याला ती काहीच धरायची नाही, कारण तिच्या मते तो वाऱ्यानंच भरलेला असतो. मी म्हणायचो बारा, ती म्हणायची आठ, आणि शेवटी दहावर सौदा व्हायचा. देवळाबाहेर फुलं विकत घेतल्यासारखं. मुलगी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत बसलेली असायची.

जेवायला बसणारी चौथी माझी बहीण, अक्का. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी, लग्न न केलेली, शाळेत हिंदी शिकवून निवृत्त झालेली. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखातले; आमच्याकडे जुन्या वळणाचं मराठी बोलतात सगळे, पण वाचता-लिहिता फार थोड्यांना येतं. मला देवनागरी आली ती अक्कामुळे. मुलांच्या तपासून झालेल्या पेपरांच्या पाठकोऱ्या बाजूवर तिनं माझ्याकडून बाराखडी गिरवून घेतली. हे मी आज मराठीत लिहितो आहे तेही तिच्याच जिवावर. हॉटेलात ती नेहमी मुलीच्या उजव्या हाताला बसायची आणि तिच्या पानातली सुकी मिरची, कढीपत्त्याची पानं, आमटीतली मोहरी असलं काय काय वेचून काढायची. माझ्याही पानातलं असंच वेचायची, मी कॉलेजात जाईपर्यंत. त्यामुळे तिचा हात मुलीच्या पानावर फिरताना दिसला तरी आम्हाला तो दिसायचा नाही.

पहिला रविवार उत्तम गेला. आमच्याकडे पानावर सगळ्यात आधी गोड वाढतात. त्या दिवशी अशोका हलवा होता, मूगडाळीचा, तुपानं चकाकणारा. मी खिशातली वही काढली आणि मान खाली घालून लिहिलं: हलवा, तीस. मग भाज्या, मग दोन करंड्या भात, मग सौदा, मग दहावा हिस्सा. पंधराला एक युनिट या हिशेबानं मी आकडा सांगितला: दहा युनिटं. मुलीनं पेनाचं टोक फिरवून युनिटं लावली, पोटाला टोचून घेतलं, जेवली. दोन तासांनी साखर अगदी जशी हवी तशी.

दुसरा रविवार तसाच. तिसरा तसाच. चौथ्या रविवारी तर मी जरा फुशारलोच. ऑफिसात एका सहकाऱ्याला सांगितलं, की डोळ्यांनी बघून भाताच्या कॅलरी सांगतो मी, काटा लागत नाही. तो म्हणाला, मग माझ्या बायकोच्या इडलीच्या सांगा. मी सांगितल्या. दहावा हिस्सा धरून.

आणि मग पेनानं मला गोंधळात टाकलं.

माझ्याकडे इन्सुलिनची नोंदवही होती. किती युनिटं भरली, रोज किती गेली, किती उरायला हवीत. पेनाच्या काचेवर खुणा असतात, त्यावरून आत किती उरलं ते दिसतं. चौथ्या रविवारच्या रात्री मी वही जुळवायला बसलो तर पेनात बारा युनिटं जास्त होती. कमी असती तर मी समजलो असतो. गळतं, सांडतं, हवा जाते. पण जास्त? कालव्यातून पाणी सोडावं आणि धरणात पाणी वाढावं, असं कुठं झालंय? मी पुन्हा बेरीज केली. बारा. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "जास्त आहे ना? मग झोपा."

मला झोप लागेना. पेन बिघडलं असेल तर? आकडा दहाचा दाखवत असेल आणि आत सातच जात असतील तर? पण मग साखर चढायला हवी होती, ती तर बरोबर येत होती. म्हणजे पेन चुकत होतं आणि मीही चुकत होतो आणि दोन चुका मिळून उत्तर बरोबर येत होतं? गणितात असं होतं कधीकधी, पण चार रविवार ओळीनं नाही. मी मुलीला विचारलं, "मी सांगतो तेवढंच टोचतेस ना?" ती वहीत डोकं घालून म्हणाली, "हो कीं." मी औषधाच्या दुकानात जाऊन पेन दाखवलं. दुकानदारानं कापूस लावून पुसून परत दिलं.

तेव्हा मी ठरवलं, की पाचव्या रविवारी पेन मी स्वतः फिरवायचं.

मुलीला ते आवडलं नाही. हॉटेलात पानं मांडली गेली, आम्ही पाणी शिंपडलं, हलवा आला. मी लिहिलं: हलवा, तीस. बाकीचं धरलं, सौदा केला, जादा घातलं. दहा. पेन माझ्या हातात होतं. मुलगी म्हणाली, "अप्पा, आज सात पुरे."

"का?"

तिनं आत्याकडे बघितलं. अक्का पानातली मिरची वेचत होती.

"उगीच," मुलगी म्हणाली.

उगीच म्हणून काही आकडा बदलत नाही. मी दहा फिरवले, पेनाच्या खिडकीतला आकडा तपासला, आणि माझ्यासमोर तिनं टोचून घेतलं. मग भात आला. दोन करंड्या झाल्यावर ती म्हणाली, "आणखी एक घेऊं?" मी म्हटलं, ठरलं ते ठरलं. रसम-भात झाल्यावर म्हणाली, "मग पायसम?" मी म्हटलं, खीरबीर काही नाही, मोजून झालंय आता. बाहेर पडताना गल्ल्यापाशी केळ्यांचा घड टांगलेला होता. "एक केळं तरी," ती म्हणाली आणि तिनं खरोखर हात पुढे केला. मी तो हात खाली केला. परीक्षेच्या दिवशी असलं काही नाही, असं मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला वाटलं, की पोर हावरट होत चालली आहे. आज हे लिहितानाही मला स्वतःची लाज वाटते.

बायकोला एका साखरपुड्याला जायचं होतं. ती हॉटेलातूनच स्कूटरवरून गेली आणि तिची पिशवी तिच्याबरोबर गेली. त्या पिशवीत साखर तपासायचं यंत्र होतं आणि ग्लुकोजचा डबा होता. तो कायम तिच्याच पिशवीत असतो. तो मागून घ्यायचं माझ्या लक्षात आलं नाही. डोक्यात पेन होतं. मी, मुलगी आणि अक्का सहलीसाठी पाठीवरची पिशवी घ्यायला गेलो. मुलीनं निळी निवडली. तासभर गेला असेल. मग रिक्षा केली, आणि घराच्या अलीकडे रेल्वेचं फाटक लागलेलं.

मुलगी मधे बसली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "अप्पा, फाटकें दोन दिसतात."

मी वळून बघितलं. कपाळावर घाम आला होता, ओठ पांढरे पडले होते, आणि निळ्या पिशवीचा बंद तिच्या हातात थरथरत होता. माझा हात ग्लुकोजच्या डब्याकडे गेला आणि डबा तिथं नव्हता. मला काही समजेचना. तिनं जेवण केलं होतं. हलवा खाल्ला होता. मी स्वतः लिहिला होता, तीस. तिच्या पोटात एवढं सगळं असताना साखर उतरेल कशी? मी चक्क वही काढली. पोरगी माझ्या खांद्यावर कलंडत होती आणि मी रिक्षात बसून बेरीज तपासत होतो.

रिक्षावाला शहाणा. मी "साखर" एवढंच ओरडलो आणि तो फाटकाशेजारच्या चहाच्या टपरीकडे धावत सुटला. तेवढ्यात अक्कानं आपली पर्स उघडली. घाईत चेन दोनदा अडकली. आतून तिनं केळीच्या पानाच्या तुकड्यात बांधलेली एक पुडी काढली, दातांनी सोडली, आणि तिच्यातला गोळा मुलीच्या तोंडात कोंबला. हलवा होता. आमच्या पानावरचाच, तोच, मघाचा.

"चाव बाळे, चाव," अक्का म्हणत होती. "गीळ. माझें ऐक."

रिक्षावाल्यानं कागदी पेल्यात भरून साखर आणली. ती आम्ही पाण्यात कालवून पाजली. फाटक उघडलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून जीव नकोसा करू लागल्या, पण रिक्षावाला हलला नाही. "पाप्पा बोलू दे," तो म्हणाला, "मग जाऊ." पाप्पा, म्हणजे पोरगी, पंधरा मिनिटांनी बोलली. ती म्हणाली, "पिशवी कोठें आहे?" मग मी रडलो. भर दुपारी, भर रस्त्यात, सगळ्या गाड्यांच्या पुढ्यात.

घरी पोचेपर्यंत रडणं संपलं होतं आणि राग आला होता. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, अशा वेळी आधी साधी साखर द्यायची, हलव्यातल्या तुपानं उशीर लागतो. आता दर थोड्या वेळानं तपासत राहा. मग त्यांनी विचारलं, आकडा कोण ठरवतं? मी ताठ आवाजात म्हटलं, मी. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेलो. अक्का ओट्याला टेकून उभी होती.

"दर रविवारी?" मी विचारलं.

ती ओटा पुसायला लागली.

"दर रविवारी तू तिच्या पानातला हलवा चोरतेस? आणि काय करतेस त्याचं?"

"गाईला घालितें," ती म्हणाली. "देवळाकडच्या."

मी ओरडलो. मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. चोर म्हणालो, हे लिहितो. तुझ्यामुळे पोरगी गेली असती असंही म्हणालो. अक्कानं ते सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "अण्णांचें पाऊल मी धुतलें. दोन वर्षें. रोज. तूं धुतलें नाहींस. तूं मदुरैला होतास." आमच्या वडिलांना साखर होती, पायाला जखम झाली, ती चिघळत गेली आणि शेवटी पाऊल काढावं लागलं. मी तेव्हा मदुरैला नोकरीला होतो, सुट्टीला यायचो, येताना मिठाई आणायचो. "त्या पायाचा वास माझ्या नाकांतून अजून जात नाहीं," अक्का म्हणाली. "आणि तूं म्हणतोस, सुई टोचली कीं गोड खाल्लें तरी चालतें. मज तें पटत नाहीं रे. मी काय करूं? मज पटत नाहीं."

अण्णांचा आजार वेगळा नि हिचा आजार वेगळा, हे मी तिला दहा वेळा समजावलं होतं. तक्ता दाखवला होता. वास असलेल्या गोष्टीला तक्ता काय करणार?

"आत्याला रागावूं नका," दारातून मुलगी म्हणाली. अंगावर चादर गुंडाळून ती उभी होती. "मज ठाऊक होतें."

"काय ठाऊक होतं?"

ती आत गेली आणि गणिताची वही घेऊन आली. वहीच्या शेवटच्या पानावर तमिळ अक्षरात एक तक्ता आखलेला होता. चार ओळी, चार रविवार. पहिल्या रकान्यावर लिहिलं होतं: अप्पांनी सांगितलेले. त्याखाली चारही वेळा दहा. दुसऱ्यावर: आत्याने घेतलेला हलवा. वजा दोन, चारही वेळा. तिसऱ्यावर: अप्पांची दबणारी माती. वजा एक. आणि शेवटी: खरे. सात, सात, सात, सात.

चार त्रिक बारा. पेनात उरलेली माझी बारा युनिटं त्या पानावर होती.

माझ्या दहाव्या हिश्श्याची गोष्ट तिला ठाऊक होती. माझ्या बायकोला ठाऊक नव्हती, ऑफिसला ठाऊक नव्हती, मी जादा धरतो हे माझं मलासुद्धा आता वेगळं आठवावं लागत नव्हतं. एवढी सगळी अंदाजपत्रकं केली, आणि त्यातली चूक शोधून वजा करणारं माणूस माझ्याच घरात सहावी-सातवीची गणितं करत बसलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलें असतें तर तुम्ही ओरडलां असतां," ती म्हणाली. "आत्या रडली असती. दोन वजा करणें काय कठीण आहे? तें सोपें होतें." मग म्हणाली, "आज तुम्ही पेन दिलें नाहींत. म्हणून मी भात मागितला. तोही दिला नाहींत."

पायसमही नाही, केळंही नाही. मी खाली बसलो. अक्का तिथंच ओट्यापाशी जमिनीवर बसली आणि पदरानं तोंड झाकून रडायला लागली. मुलगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली आणि दहा मिनिटांत झोपली. आम्ही दोघं भावंडं तशीच बसून होतो. बायको साखरपुड्याहून पिशवी घेऊन परत आली तोपर्यंत.

पुढच्या रविवारी हॉटेलात जायचं मुलीनंच काढलं. मी नको म्हणत होतो, अक्का तर येतच नव्हती. तिला हाताला धरून आणावं लागलं. पानं मांडली. त्या दिवशी केसरी होता, आपला शिराच, फक्त केशरी रंगाचा. अक्कानं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. भाजीतली मिरचीसुद्धा ती वेचेना. मी खिशाकडे हात नेला आणि परत आणला, वही घरीच ठेवली होती.

मुलीनं केसरीचे दोन भाग केले. एक उचलून आत्याच्या पानावर ठेवला.

"हा तुझा," ती म्हणाली. "एक युनिट. मी वजा केलें. गाईला नाहीं, तूं खायचा."

वडील गेल्यापासून अक्कानं गोड खाल्लेलं मी पाहिलं नव्हतं. ती त्या तुकड्याकडे बघत राहिली. मग तिनं तो खाल्ला, हळूहळू, आणि मग सवयीनं मुलीच्या पानातली मिरची काढली. मुलीनं पेन फिरवलं. किती फिरवलं ते मी बघितलं नाही. बघायचं नाही म्हणून मी वाढप्याच्या करंडीकडे बघत होतो, आणि खरंच सांगतो, तिच्यात किती भात मावतो हे मला अजूनही कळलेलं नाही.

दोन तासांनी साखर बरोबर आली. रात्री कागदावर सही केली. औषधाची जबाबदारी कोणाची, या रकान्यात मी आधी पेन्सिलीनं माझं नाव आणि फोन नंबर लिहून ठेवला होता. तो खोडला आणि तिथं लिहिलं: मुलगी स्वतः.

सहलीच्या पहिल्या दुपारी दीड वाजता आम्ही तिघं घरी जेवायला बसलो होतो. कोणी जेवत नव्हतं. मी मनात म्हणत होतो, रामेश्वरला आता पानं मांडली असतील, दोन करंड्या भात, अप्पळम, काहीतरी गोड असणार, नऊ युनिटं होतील, दहाही होतील. तेवढ्यात तिच्या बाईंच्या फोनवरून निरोप आला. नुसता एक आकडा होता. सहा.

सहा कसे? गोड नव्हतं का? की भात कमी वाढला? की तिला तिथलं आवडलं नाही? मी विचारायला बोट उचललं आणि फोन पालथा ठेवला.

"काय लिहिलें आहे?" अक्कानं विचारलं.

"जेवली," मी म्हटलं, आणि भात कालवायला घेतला.